आत कोण राहिलंय का
सरकी पेंडीचा वास आला की मला आमची म्हैस आठवते, आणि तिच्यामागोमाग कोल्हापुरातल्या मानसोपचाराच्या दवाखान्यातली ती दुपार. घराला कुलूप लावून मी निघायचो आणि पुन्हा मागे फिरायचो, दहा-दहा वेळा; नोकरी जायची वेळ आली तेव्हा बायकोने मला तिथे नेलं. ‘कुलूप नीट लागलंय का ते बघता?’ डॉक्टरबाईंनी विचारलं. ‘न्हाय,’ मी म्हणालो, ‘उघडून आत कोण राहिलंय का बघतो.’ त्यांनी पेन खाली ठेवलं, आणि मग शिरोळचा पूर माझ्या तोंडून बाहेर पडला. मी बारा वर्षांचा होतो, म्हशीचं दावं सोडायचं काम माझं होतं, आणि ते मला नावेत बसल्यावर आठवलं. म्हैस खुंट्यालाच बुडाली. पाणी उतरल्यावर वडिलांनीच ते दावं सोडलं. ‘मला कधी सांगितलं न्हाईसा,’ बायको पुटपुटली. डॉक्टरबाईंनी दवाखान्यातली एक रिकामी खोली मला बाहेरून कुलूप लावून बंद करायला लावली आणि त्या माझ्याशेजारी बाकड्यावर बसल्या. ‘आता उघडायचं नाही. भीती वाढेल, मग आपोआप उतरेल.’ छाती धडधडू लागली, तळहात भिजले. आत कोणीतरी धडपडतंय असं मला स्पष्ट ऐकू येत होतं. दोनदा उठलो, दोनदा बसलो. अर्ध्या तासाने धडधड थोडी उतरली, आणि त्या म्हशीसाठी मी पहिल्यांदा रडलो. अजूनही काही सकाळी मी कोपऱ्यावरून परत येतो. पण कुलपाला हात न लावता दारात उभा राहतो, आणि जीव थाऱ्यावर आला की कामाला जातो.