लसूण नको

एका मंगळवारी सकाळी फरीदचा फोन आला. फरीद म्हणजे कासिमचा थोरला मुलगा. "चाचा, अब्बा गेले," एवढंच बोलला. मी इन्ना लिल्लाही म्हटलं, फोन ठेवला, आणि सांगायला लाज वाटते, पण मनात पहिला विचार आला तो असा : घ्या, इथेही हा माझ्या पुढे! साठ वर्षं या माणसाने मला कुठल्याही रांगेत पुढे जाऊ दिलं नाही. दोस्त गेल्यावर लोक लिहितात, किती मोठ्या मनाचा होता, किती दिलदार होता. ते लिहायला बाकीचे आहेत. मी कासिमवर जळायचो. चांगला खरपूस जळायचो, आणि आता तो गेल्यावर खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं रत्नागिरीकडच्या एकाच गावचे, एकाच मोहल्ल्यातले. साठच्या दशकात मुंबईहून एकाच बोटीने दुबईला उतरलो. तेव्हा यूएई नावाचा देश नव्हता. माझा मुलगा आज जबल अलीत ज्या गोदामांचा हिशेब बघतो तिथे नुसती वाळू होती. पण देरा हा दुबईचा जुना भाग मात्र तेव्हाही गजबजलेला. खाडीवर लाकडी गलबतांची दाटी, बाजारात इराणी, बलुची, मलबारी, सिंधी, आणि सगळ्यांचं ओरडणं एकदमच. मी मॅट्रिक झालेला, म्हणून एका ट्रेडिंग ऑफिसात टायपिस्ट. कासिम सातवीत शाळा सोडलेला, म्हणून कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायला. म्हणजे मी वरचढ, बरोबर? मलाही तसंच वाटायचं. पण खोलीतली सगळी पोरं कामावरून आली की "कासिम कुठाय?" असं विचारायची. हसन कुठाय, असं कुणी एकदाही विचारलं नाही.

दुपारचं जेवण आम्ही उस्ताच्या दुकानात घ्यायचो. उस्ता हा तुर्की माणूस, जहाजावरचा स्वयंपाकी. आजारी पडून इथे उतरला तो उतरलाच. बाजाराच्या मागच्या गल्लीत कोळशाची लांबडी शेगडी, वर पत्रा, दोन बाकडी, एक खुर्ची, झालं दुकान. खिमा तो सुऱ्याने स्वतः कापायचा, सळईला हाताने थापायचा, आणि त्यातली मेंढीच्या शेपटीची चरबी कोळशावर ठिबकली की असा काही वास सुटायचा की आख्ख्या गल्लीच्या तोंडाला पाणी! वर गरम खबूस रोटी, चिरलेला कांदा, भाजलेली मिरची. आमच्या खोलीत रोज डाळ आणि सुका जवळा, त्यामुळे ते कबाब म्हणजे आमची ईदच होती.

मी गेलो की उस्ता खांद्यावरच्या फडक्याने ती एकुलती एक खुर्ची पुसायचा आणि मला बसवायचा. कासिम मात्र शेगडीपाशी तेलाच्या डब्यावर. मला वाटायचं, बघा, मला पाहुण्यासारखं लांब ठेवतो आणि याला घरच्यासारखं जवळ. ताट ठेवताना उस्ता छातीवर हात ठेवायचा आणि काहीतरी बोलायचा. त्याला भरघोस मिशी, त्यात पुढचे दोन दात गेलेले. पहिला शब्द मिशीतच अडकायचा, कानावर पडायचं ते शेपूट : "…लसून."

आता मला सांगा, रत्नागिरीच्या माणसाला लसून ऐकू आल्यावर तो काय समजणार? मला वाटलं, लसणीची चटणी हवी का विचारतोय. माझा मॅनेजर माझ्या टेबलाला टेबल लावून बसायचा आणि त्याचं नाक भलतंच तिखट. मी लगेच हात वर करून म्हणायचो, "नको, नको! लसूण नको!" उस्ता जरा माझ्याकडे बघत राहायचा आणि वळायचा. पुढेपुढे त्याने मला विचारणंच सोडून दिलं. मुकाट्याने ताट ठेवायचा. कासिमला मात्र रोज छातीवर हात, रोज लसून! कासिम मान लववून त्याला दोन शब्द परत द्यायचा, मग दोघंही हसायचे. माझ्या तोंडातला घास कडू व्हायचा. एका लसणीपायी माणूस माणसाशी बोलणं टाकतो? आणि हा कासिम काय सोन्याची लसूण खातो की काय?

तीनेक वर्षं अशी गेली. धुराने उस्ताचे डोळे गेले, म्हणजे अगदी आंधळा नाही, पण सळई भाजली की करपली ते दिसेना. घरी परत जायच्या आधी शेगडी कुणाच्या तरी हातात द्यावी असं तो बोलू लागला. मला ती हवी होती. दुसऱ्यांची पत्रं बडवून मी कंटाळलो होतो. स्वतःचं काहीतरी असावं, चार माणसांनी आपल्या हातचं खाऊन वाहवा करावी… मी तर बोर्डसुद्धा कागदावर काढून ठेवला होता, इंग्रजीत आणि अरबीत. कासिमला दाखवला. तो म्हणाला, "छान काढलायस." बस्स. आणि पुढच्या आठवड्यात उस्ताने सुरा, सळया, शेगडी, सगळं कासिमच्या हवाली केलं.

वर्षभर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मग पोटाने माझं इमान विकलं, कारण तसा कबाब दुसरीकडे मिळेना. कासिमच्या त्या शेगडीचं पुढे शारजात मोठं दुकान झालं, मुलं शिकली, गावात घर उठलं. मी रिटायर होईपर्यंत टाइप करत राहिलो. आमचं येणंजाणं होतं, ईदला गळाभेट, पोरांच्या लग्नात पुढची खुर्ची. पण एक प्रश्न माझ्या घशात हाडासारखा अडकलेला : माझ्यात काय कमी होतं? उस्ताने मला का नाही निवडलं? विचारणार कुणाला? उस्ता केव्हाच गेला होता, आणि कासिमला विचारणं म्हणजे त्याच्यापुढे हरणं.

तो जायच्या महिनाभर आधी त्याला हॉस्पिटलात ठेवल्याचं कळलं. नातीला घेऊन भेटायला गेलो. तो अगदी वाळला होता. नात बाहेर बसली तसा तो म्हणाला, "हसन, उस्ता तुला लसूण विचारत नव्हता रे."

मला वाटलं, बडबडतोय. "कुठली लसूण?"

"आफियत ओल्सून. त्यांच्यात जेवणाऱ्याला म्हणतात. आफियत असो, खाल्लेलं अंगी लागो. तो तुला दुआ द्यायचा, आणि तू हात वर करून म्हणायचास, नको!"

आफियत! माझ्या आईला मी दर महिन्याला लिहायचो ते पत्र याच शब्दाने सुरू व्हायचं : इथे सगळी खैर-आफियत आहे, सगळे खुशाल. आणि तोच शब्द समोरून आला तर मी त्याला परत पाठवत होतो.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून. मी विचारलं त्याला, त्याने सांगितलं. मग त्याने मला विचारलं, या साहेबाला माझी दुआ का नको? मी म्हटलं, ऑफिसातला माणूस आहे, आपल्यासारख्याची दुआ त्याला चालत नाही." तो दम खायला थांबला… "शेगडीसाठी पण त्याने आधी तुझंच नाव घेतलं होतं. मी म्हटलं, तो कशाला धुरात बसेल?"

"का रे? माझ्याशी असं का?"

"जळायचो तुझ्यावर. तुझा इस्त्रीचा शर्ट, तुझं इंग्रजी. तुझ्यासाठी तो खुर्ची पुसायचा. मला एकदा तरी पुसली? मी डब्यावर. एक उस्ता तेवढा माझा होता, तो पण तुला देऊ?"

मी उठलो. "खलास," म्हटलं, आणि निघालो. सलामसुद्धा केला नाही. नातीला घेऊन लिफ्टपर्यंत मनातल्या मनात त्याला शिव्या घालत गेलो. माझं आख्खं आयुष्य या माणसाने दोन वाक्यांत दुसरीकडे वळवलं! आणि मग लिफ्टमध्ये, काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. माझ्यावर कुणीतरी जळत होतं! माझ्यावर! नात घाबरून बघायला लागली. "दादा, व्हाय आर यू लाफिंग?" काय सांगणार पोरीला? साठ वर्षं मी ज्याच्या डब्याकडे बघत होतो, तो माझ्या खुर्चीकडे बघत होता. परत वर जावं असं वाटलं. पण अकड! म्हटलं, दोन दिवस तडफडू दे, मग जाऊ. नंतर माझे गुडघे धरले, मुलाला सुट्टी मिळेना, आणि त्या मंगळवारी फोनच आला.

जनाज्याला ही गर्दी. तिथेही मी जळलो, खोटं नाही सांगत. नमाजच्या आधी फरीद पुढे उभा राहिला आणि आपल्यात म्हणतात तसं म्हणाला, "माझ्या अब्बांनी कुणाचं मन दुखावलं असेल, तर अल्लाच्या वास्ते त्यांना माफ करा." सगळ्या रांगा एका आवाजात म्हणाल्या, माफ केलं. मी बोललो नाही. फरीदने ते पाहिलं.

घरी बायको कडाडली, "मेलेल्या माणसाशी कसली दुश्मनी? शरम नाही वाटत?" दुश्मनी नव्हतीच. मनातून तर लिफ्टमध्येच माफ करून झालं होतं. पण तोंडाने म्हटलं की मिटलं. मग आमच्या दोघांत उरतं काय? त्याच्यावर जळण्याची मला इतकी सवय, ते थांबलं तर मी उद्यापासून सकाळी उठून करू काय?

आता दर जुम्म्याला इम्रान, माझा मुलगा, मला कासिमच्या दुकानात सोडतो. फरीद स्वतः ताट आणतो आणि समोर बसतो. परवा त्याने विचारलंच, "चाचा, त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत. आज तरी बोला ना."

मी एक घास घेतला. कबाब अगदी कासिमच्या हातचा लागत होता. डोळे भरले, काही केल्या आवरेनात.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. "पुढच्या जुम्म्याला बघू."