फुटपाथ आमच्या ओट्यावरून गेला

आमच्या कॉलनीत फुटपाथ व्हावा म्हणून मी जी चळवळ सुरू केली, तिनं सगळ्यात आधी माझंच घर फोडलं.

निमित्त आईचं झालं. ती कंधारहून आमच्याकडं नांदेडला राहायला आली होती. सकाळी देवळात निघाली, मागून ऑटो आला, ती बाजूला सरकली आणि थेट उघड्या नालीत गेली. पाय चांगलाच मुरगळला. घरी आणून पाय शेकत होतो तर म्हणाली, "तुझ्या नांदेडात मान्सानं चालावं कुठं रे?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. रस्त्याच्या प्रश्नाला भूगोलाच्या मास्तरानं उत्तर द्यायचं नाही तर कुणी? मी महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आणि कॉलनीचा मंजूर नकाशा मिळवला. बघतो तर काय, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस फुटपाथ! कागदावर आम्ही पॅरिसमध्ये राहत होतो.

मग मी पेटलोच. नकाशा गुंडाळून घरोघर फिरलो, सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं. (निवेदनात 'अतिक्रमणधारकांची गय करू नये' हे वाक्य माझं. त्याखाली मी रेघही ओढली होती.) बायको शोभा एवढंच म्हणाली की, आधी आपल्या दारापुढं टेप लावून बघा. मी तिला विचारलं, नकाशा तुला जास्त कळतो की मला? ती भाजी निवडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या भाजी निवडण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

महिनाभरात महापालिकेच्या इंजिनिअर मॅडम मोजणीला आल्या. त्यांनी मला वाकून नमस्कारच केला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला जाण्याआधी त्या माझ्याच वर्गात होत्या म्हणे! माझी छाती फुगली. सगळी कॉलनी जमलेली. मी मोठ्यानं सांगितलं, "मोजणी माझ्या घरापासून सुरू करा."

त्यांनी केली. टेप ताणली, नकाशा पाहिला, पुन्हा टेप पाहिली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सर, तुमचा ओटा, तिन्ही पायऱ्या आणि स्कूटरचा उतार फुटपाथवर आहे."

हळूच म्हणाल्या, पण आमच्या गल्लीत हळू बोललेलंच आधी ऐकू जातं. समोरचे बिरादार काका लगेच पुढं आले. त्यांचा उतार तर निम्म्या रस्त्यापर्यंत. ते म्हणाले, "सरांचं ऱ्हाऊ द्या, आमचं बी ऱ्हाऊ द्या. मिटलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घसा खाकरला आणि ओटा बांधला तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, असं काहीतरी सुरू केलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही मिटलं तर बरं, असंच वाटत होतं.

आई त्याच ओट्यावर पाय पसरून बसली होती. ती म्हणाली, "मला खाली उतरवा, अन् फोडा ह्यो ओटा."

"अगं आई, पण..."

"पण न्हाई अन् बिन न्हाई. उद्या दुसऱ्याची माय नालीत पडंल."

मी शोभाकडं आशेनं पाहिलं. ती मिस्त्रीला फोन लावत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला घण बसला. आई रस्त्यापलीकडं खुर्ची टाकून बसली आणि मिस्त्रीला सूचना देत राहिली. बिरादार काका बराच वेळ गॅलरीतून बघत होते. दुपारी खाली आले, आईपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री आलाच हाय, तर आमचं बी उरकून घेतो." आठवडाभरात रस्त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. मॅडमनी पाठपुरावा केला, नालीवर झाकणं आली, फरशी बसली. त्यावरून पहिली आई चालली, काठी न टेकता, आणि मागून सगळी कॉलनी टाळ्या वाजवत.

परवा पलीकडच्या कॉलनीतले चौघे आले. त्यांनाही चळवळ सुरू करायची आहे, मार्गदर्शन हवं म्हणाले. मी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो, बारा पानांचं भाषण त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी ते आदरानं बाजूला सारलं, त्यावर चहाचे कप ठेवले आणि विचारलं, "आजी कधी मोकळ्या आहेत?"

रविवार ठरला. मलाही आग्रहाचं निमंत्रण आहे. आजींना स्कूटरवरून आणायला कुणीतरी लागणारच ना!