कुठल्या मशीनवर बिघडलं?

मावशी शर्टांच्या कारखान्यात शेवटची तपासणी करते. प्रत्येक शर्टाला आतून चिठ्ठी असते: कुठली मशीन, कुठला दिवस. टाका चुकलेला दिसला की मावशी चिठ्ठी वाचते आणि थेट त्या मशीनसमोर जाऊन उभी राहते. बावीस वर्षांत एकही गुन्हेगार सुटलेला नाही.

त्यामुळे तपासणी शिबिरातून 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' असा रिपोर्ट आला आणि हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कळलं, तेव्हा ती डॉक्टरांकडे गेलीच नाही. काकांसमोर जाऊन उभी राहिली.

मी लॅबमध्ये काम करते म्हणून मला बोलावणं आलं. पोचले तर काका स्वयंपाकघरात वही घेऊन बसलेले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. बाहेरगावच्या सगळ्या फेऱ्या तारखेनिशी लिहून देण्याचा हुकूम झाला होता.

"अगं, तिथे तीन दिवस मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो!"

"वर कधी आलात ते लिहा."

"मावशी, डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला कधी बोलावलंय?"

"सोमवारी बोलावलं होतं. आधी हे निस्तरू दे."

मी रिपोर्ट मागून घेतला. विषाणूचा प्रकार सोळा नंबरचा होता, धोक्याच्या प्रकारांपैकी. तो शरीरात टिकून राहिला, तर काही वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. वेळीच पाहिलं तर टाळता येतो.

"मावशी, या विषाणूला चिठ्ठी नसते. बहुतेकांना तो कधी ना कधी होतो आणि नकळत जातोही. कधी वर्षानुवर्षं गप्प बसतो. कुणाकडून आला, कधी आला, कुठलीच लॅब सांगू शकत नाही. लग्नाआधीचाही असेल."

"कुणाच्या लग्नाआधीचा?"

"दोघांपैकी कुणाच्याही."

काकांनी पेन खाली ठेवलं आणि वही अलगद मावशीकडे सरकवली.

"चहा टाकते," मावशी घाईने उठली.

"थांब. शर्टावर डाग आहे की नुसती सावली, अशी शंका आली तर काय करतेस?"

"दिव्याखाली धरते."

"डॉक्टरही तेच करणार. दिवा आणि भिंग."

मावशीने रिकामं पातेलं खाली ठेवलं आणि रिपोर्ट पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी गेली. तपासणीच्या टेबलावर आडवी झाल्या झाल्या म्हणाली, "दिवा जरा तिरका करा, डॉक्टर. समोरून उजेड पडला की दोष लपतो." डॉक्टरांनी निमूटपणे केला. एक फिकट ठिपका दिसला, त्याचा तुकडा तपासायला गेला. कर्करोग नव्हता, पण वाट तिकडचीच होती. छोट्याशा उपचारात तेवढा भाग काढून टाकला.

उपचाराच्या दिवशी दवाखान्याबाहेर काका वही घेऊन बसले होते.

"ही कशाला आणलीत?"

"तुझ्या पुढच्या तपासणीची तारीख लिहायला. मागची पानं फाडून टाकली."

"फाडली?" मावशी थबकली. "अहो, त्यातली एक फेरी बघायची राहिली होती!"