मालगुजारांचा अडकित्ता

आमगावात तीस वर्षं इतिहास शिकवला मी, आणि एका लोखंडी अवजारापुढे कसा तोंडघशी पडलो ते ऐका. चहा घ्या आधी, गार होईल.

भंगारवाल्याकडे जुनी खिडकी बघायला गेलो होतो. ढिगात हे अवजार दिसलं. दोन लांब दांडे, पुढे पोपटाच्या चोचीसारखा जबडा, उचलायला चांगलंच जड. विचारलं, "हे काय आहे?"

"अपने को क्या मालूम गुरुजी, लोहा है."

मला मात्र लगेच कळलं. अडकित्ता. आणि एवढा मोठा, म्हणजे मालगुजारांच्या, आमच्याकडच्या जुन्या जमीनदारांच्या, बैठकीतला. शंभर माणसं पानसुपारीला बसत असतील. आता इतिहासाचा मास्तर दुसरा काय विचार करणार, तुम्हीच सांगा. घरी आणला, घासून चकाचक केला आणि भिंतीवर टांगला.

बायको म्हणाली, "ह्याले धार तं नाही जी. सुपारी कशी कटंल?"

"पूर्वी सुपारी कातरत नसत, चेचत," मी ठोकून दिलं. कुठे वाचलं ते विचारू नका.

पुढच्याच आठवड्यात आमच्या वैशूला बघायला सडक अर्जुनीहून पाहुणे आले. मुलगा बँकेत, शांत, वैशूला फोटोतच आवडलेला. सोबत त्याचे वडील आणि पांढऱ्या मिशांचे काका. पोहे झाले, गप्पा रंगल्या, सगळं जुळल्यासारखं दिसत होतं. इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? मी अडकित्ता उतरवला.

मालगुजारांवर दहा मिनिटं बोललो. मग दोन्ही दांडे दाबून कडाककन सुपारी फोडली आणि पहिला तुकडा मुलाला दिला. त्याने तो तोंडात टाकला.

काका उठून जवळ आले. जबडा उघडून, मिटून पाहिला.

"गुरुजी, हे कायचं समजून राहिले तुम्ही?"

"अडकित्ता. मालगुजारी काळातला."

"मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी काढली जी. ह्या चिमट्यानं गोऱ्हे खच्ची करतेत, नांगराले जुपाच्या आधी. म्या सोता कितीक केले."

मुलाचं चघळणं थांबलं. त्याने हळूच दोन्ही पाय जुळवून घेतले.

दाराआडून वैशूचा खोकल्यासारखा आवाज आला. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे. सोयरीक मोडली, आणि ती मी माझ्या हातांनी मोडली, एवढंच डोक्यात.

शेवटी मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "पोरगी पसंत हाये आमाले. देणंघेणं काई नाही. मागणं एकच हाये."

"बोला ना," मी कसंबसं म्हणालो.

"हा चिमटा आमी घेऊन जातो. पोराचं येणंजाणं राहीन ना जी इथं."

मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला. मुलीच्या सासरच्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच वस्तू. मोठ्या मानाने जावयाच्या हातात द्यायला गेलो, तर त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.