राणीचा लोंबता ओठ

आज सकाळी मालिश करताना राणीचा खालचा ओठ सैल पडून लोंबला, आणि मी तबेल्यात मोठ्याने ओरडलो, "जमलं!"

घोडीची पाठ मोकळी झाली की ओठ असा लोंबतो, हे मला पन्नाशीत कळलं. त्याआधी दोन हंगाम ती खोगीर दिसलं की अंग चोरायची आणि मी तिला अडेल ठरवून चाबूक मारायचो. हे कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

शेजारच्या हसीनाचाचींनी एकदा तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "अडेल ही नाही रे, तू आहेस! बघ, पाठीचा दगड झालाय." मग त्यांनीच शिकवलं. कण्यावर दाबायचं नाही, दोन्ही बाजूंनी तळव्याने चोळायचं. कान मागे गेले की हात हलका करायचा.

महिनाभर राणी माझा हात झटकत राहिली. बरोबरच होतं तिचं. माणसाला माफी शब्दांत मागता येते. जनावरापुढे शब्द काय कामाचे? रोज हातच पुढे करावा लागतो.

आज तिने डोळे मिटले आणि सगळा भार माझ्या अंगावर टाकला. मी भिंतीला टेकलो, पाय रोवले आणि हसत उभा राहिलो.