वामनकाकांची तबकडी आणि मे महिन्यातलं ऊन

आमच्या घरी एकच इंग्रजी अल्बम सात वेळा आहे. (आठवाही होता, पण तो दिवाणात रजयांच्या खाली होता आणि माझ्या बायकोला, सुनंदाला, तेव्हा ते माहीत नव्हतं.)

अल्बम तसा थोर आहे. दोन तबकड्या, चार बाजू. पुढे गिटार-ड्रम बडवणारी दाढीवाली पोरं आणि मागे व्हायोलिनवाल्यांची अख्खी पलटण! पहिली प्रत मला माझ्या मित्रानं, दिलीपनं, कॉलेजात असताना ‘दोन दिवसांसाठी’ दिली होती. त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. ती प्रत मूळची त्याच्या वामनकाकांची. काका जहाजावर मेकॅनिक होते, कुठल्याशा बंदरातून त्यांनी ती आणली होती, आणि तबकडीच्या मधल्या गोल कागदावर लाल शाईनं ‘वामन’ असं ठसठशीत लिहून ठेवलं होतं.

आता मी काही चोर नाही. नवी आवृत्ती निघाली की मी दिलीपला परत द्यायला म्हणूनच विकत घ्यायचो. आधी कॅसेट आली, मग सीडी आली, मग ‘आवाज धुऊनपुसून काढलेली’ सीडी आली, मग वर्धापनदिनाच्या तबकड्या आल्या, मग पुढच्या वर्धापनदिनाच्या आल्या, मग परत एक सीडी आली. पण घरी आणून ऐकलं की वाटायचं, अरे, यात तिसरं व्हायोलिन डावीकडून येतंय! हे कसं देऊन टाकायचं? मग ती ठेवून घ्यायचो आणि पुढच्या आवृत्तीची वाट बघायचो.

“काहो,” सुनंदा म्हणायची, “गाणे तेच, फोटो तोच, मंग सात वेळा काहून?”

“प्रत्येकाचा आवाज वेगळा आहे.”

“माहाबी आवाज रोज वेगळा राहते. तो ऐकता का तुम्ही?”

यावर मी हेडफोन लावायचो.

तर मे महिन्यात, शुक्रवारी, दिलीपचा फोन आला. भाचीच्या लग्नाला तो नागपुरात आला होता.

“काबे, काकाचा तो अल्बम अजून आहे का तुह्याजवळ?”

“आहे ना! अगदी जपून ठेवलाय!”

“सोमवारी काका ऐंशी वर्षांचे होऊन राहिले. घरच्यांनी त्यांच्या जहाजावरच्या वस्तू मांडायचं ठरवलं. टोपी, दुर्बीण, सगळं. त्यांचं नाव आहे नं त्याच्यावर, तेबी पाहिजे. रविवारी येतो घ्यायला.”

एकतीस वर्षांत त्यानं पहिल्यांदाच मागितलं होतं. ऐंशी वर्षांचा माणूस, त्याच्या हातची सही, त्याच्या तरुणपणाची वस्तू! मला स्वतःचीच लाज वाटली. ठरवलं, की काहीही होवो, ही तबकडी काकांच्या हातात जशीच्या तशी द्यायची.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं आणि कुबट वास आला. मनीषनगरातल्या आमच्या घरात कूलर एकच, आणि तबकड्या उकाड्यानं वाकू नयेत म्हणून मी कपाट त्याच्यासमोर ठेवलं होतं. (घरातली माणसं कूलरच्या बाजूला झोपत होती.) दोन महिने ओला वारा खाऊन सगळी पाकिटं दमट झाली होती. मी ऑफिसला निघालेला, साहेबांचा फोन कानाला. आईला हातानंच खूण केली आणि म्हणालो, “आई, हे सगळं दमट झालंय गं. कोरड्या फडक्यानं पुसून ठेवशील?”

आई नागपूरजवळच्या कुही गावची. तिचं आयुष्य धान, मिरच्या आणि गाद्या वाळवण्यात गेलं. दमट वस्तूवर तिच्याकडे एकच इलाज. तिनं विचारलं, “दाखवू का मंग थोडं ऊन?”

इकडे साहेब म्हणाले, “फाइल आजच पाहिजे.” मी म्हणालो, “हो हो, चालेल!”

दोघांनीही ते स्वतःसाठीच आहे असं धरलं.

दुपारी दोनला परत आलो. कपाटात फक्त कॅसेट आणि सीड्या उरलेल्या! पाकिटं पंख्याखाली ओळीनं मांडलेली, आत काही नाही. मी जिना दोन-दोन पायऱ्या घेत गच्चीवर गेलो. जुन्या सुती लुगड्यावर कुरड्या होत्या, पापड होते, आणि त्यांच्या पलीकडे सहा पालथी पातेली. प्रत्येक पातेल्यावर एक तबकडी. खालूनही हवा लागावी म्हणून!

नागपूरचं मे महिन्याचं ऊन डांबर पातळ करतं. तबकड्यांनी पातेल्यांना मिठी मारली होती. सहाच्या सहा तबकड्यांचे वाडगे झाले होते, कडेला छान चुण्या पडलेले. त्यातल्या एका वाडग्याच्या तळाशी लाल अक्षरं होती. वामन.

“आई!”

“वाकडं झालं थोडं,” आई शांतपणे म्हणाली, “पण वास पाहा बरं. गेला का नाही?”

वास खरोखरच गेला होता!

मग बचावकार्य सुरू झालं. एक तबकडी मी पाट्याखाली दाबून परत उन्हात ठेवली. तिच्यावर पाट्याच्या टाकीचे घाव उमटले. सुनंदानं खरंच मनापासून मदत करायची म्हणून इस्त्री काढली आणि विचारलं, “सुतीवर ठेवू का रेशमीवर?” आम्ही रेशमीवर ठेवली. ती तबकडी वाजवल्यावर व्हायोलिनांची अख्खी पलटण चौथ्या वरातीत वाजवत असल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. काकांच्या तबकडीला हात लावायचं मग धाडसच झालं नाही.

संध्याकाळी मी सुनंदासमोर बसलो.

“रागावू नकोस. अजून एक आहे.”

“अजून एक काय?”

“आठवी आवृत्ती. दिवाणात. रजयांखाली.”

सुनंदानं दिवाण उघडला आणि रजया बाजूला केल्या. मग म्हणाली, “म्हंजे थंडी पडेपर्यंत तुम्ही आरामात होते.”

आठवीतल्या तबकड्या निळ्या होत्या. काचेसारख्या आरपार, गडद निळ्या, खास संग्राहकांसाठी. दुसरं काही हाताशी नव्हतंच. त्या मी काकांच्या जुन्या पाकिटात घातल्या आणि देवाला हात जोडले.

रविवारी दिलीप आला. पाकीट हातात घेतलं, एक तबकडी बाहेर काढली आणि उजेडात धरली.

“काबे, हे तं काळं होतं.”

“एकतीस वर्षं, दिलीप,” मी म्हणालो. “नागपूरचं ऊन. रंग उडाला, शाईही उडाली.”

दिलीपचं बालपण नागपुरात गेलेलं. त्यानं तबकडीकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि मान डोलावली! पटलं त्याला! मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच आई आतून तळलेल्या कुरड्या घेऊन आली. काळ्या, चुणीदार वाडग्यात.

माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. कूलर चालू असताना!

दिलीप गप्पा मारत खाऊ लागला. कुरड्या कमी झाल्या की खालून गोल कागदाची कड दिसायची. मी झटकन आईनं शेजारी ठेवलेल्या ताटातल्या मूठभर कुरड्या वर टाकायचो.

“घे ना अजून!”

“बस बे, लग्नातून जेवून आलो.”

“आईच्या हातच्या आहेत! नाही म्हणू नकोस!”

चार वेळा भरला मी तो वाडगा. पाचव्यांदा ताटच रिकामं झालं. दिलीपनं शेवटची कुरडई उचलली आणि हात तिथेच थांबला. त्यानं वाडगा उचलला, तोंडाजवळ नेला आणि मोठ्यानं वाचलं, “वामन.”

“मोठं कामाचं भांडं झालं, बाबू,” आई कौतुकानं म्हणाली. “मधात भोक आहे नं, तेल आपोआप गळून जाते.”

दिलीप हसला नाही, चिडला नाही. वाडगा पुसला, पाकिटाबरोबर पिशवीत टाकला आणि दारात एवढंच म्हणाला, “काकाले तूच सांगजो.”

ती रात्र आणि दुसरा दिवस मी हेडफोन लावले नाहीत. एका म्हाताऱ्या माणसाची इतक्या वर्षांची ठेव आपण कुरड्यांसाठी वापरली, हे मनातून जाईना. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या सदर भागातल्या घरून फोन आला.

“हालो, मी वामन बोलून राहिलो.”

“काका, माफ करा. माझ्यामुळे तुमची तबकडी...”

“थांब गा. उन्हात कोणं ठेवली ते?”

“आईनं. म्हणजे, चूक माझीच.”

“आईले माहा नमस्कार सांग.” पलीकडे लोकांचा गलका चालू होता. “अरे, ते बंदरावरच्या दुकानदारानं माह्या गळ्यात मारलं होतं. एकदा ऐकलं, दोन दिवस डोकं दुखलं. मी दिलीपले देल्लं. त्याचंबी दुखलं, त्यानं तुले देल्लं. तू परतच आणलं नाही, तं आम्ही म्हटलं, पोरगा मोठा सज्जन आहे.”

मी रिकाम्या पाकिटांकडे पाहिलं.

“आता कसं मस्त झालं पाहा. नाव दिसते, खडीसाखर मावते, अन् मुख्य म्हंजे कोणी वाजवू नाही शकत. ते निळं मात्र मी परत पाठवून राहिलो बरं!”

फोन ठेवला. सुनंदा समोरच उभी होती. “काय म्हणाले काका? लई वाईट वाटलं का त्यांना?”

“नाही,” मी म्हणालो. “आजवर निघालेल्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये त्यांना आईची आवडली.”