माझी चार चाकांची स्कूटर

माझा उजवा पाय पोलिओने गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते. धावल्याची मला आठवणच नाही. आठवतं ते बाबांच्या सायकलचं कॅरिअर. बाबा पोस्टमन होते. टपाल वाटायला निघण्याआधी ते मला शाळेत सोडायचे, पुढे कॉलेजात, आणि मी शिक्षिका झाल्यावर शिरगावच्या शाळेतही. सकाळी परटवण्याच्या उतारावर सायकल भर्रकन सुटायची. संध्याकाळी त्याच चढणीला ते खाली उतरायचे आणि मला तशीच बसवून सायकल ढकलत वर आणायचे. मी पंचवीस वर्षांची होते. येणारे-जाणारे सगळे ओळखीचे, कोणी काही म्हणत नसे. मीच मान खाली घालून बाबांचा घामाने पाठीला चिकटलेला सदरा बघत बसायची.

ते रिटायर झाले त्या वर्षी एका सकाळी मी म्हटलं, "बाबा, मला स्कूटर घ्यायची आहे."

"कशाला? मी आहे ना."

"तुम्ही दमता बाबा."

ते उठून अंगणात गेले. दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र शाळेतून येताना सायकल त्यांनी आपणहून मिरकरवाड्याकडे वळवली. तिथे एक म्हातारे मिस्त्री होते. सगळं आयुष्य मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. विकायला काढलेली एक जुनी स्कूटर त्यांच्या दारात उभी होती.

चाचांनी माझ्या पायाकडे एखाद्या इंजिनाकडे बघावं तसं बघितलं. "ह्या पायाने काय काय होतं, ताई?"

काय होत नाही, हे आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "टेकवता येतो. जोर देता येत नाही."

"मग टेकवायची सोय करू. जोर हाताने द्या."

त्यांना महिना लागला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन छोटी चाकं बसवली. पायाचा ब्रेक हँडलवर आणला. किक मारायला एक लोखंडी दांडा केला, तो हाताने ओढला की गाडी सुरू व्हायची. मी आमच्या घरामागच्या सड्यावर शिकले. उघडा कातळ, कोणाला धडकायची भीती नाही. बाबा बाजूने धावत असायचे आणि "ब्रेक, ब्रेक!" म्हणून ओरडायचे. दोनदा मी करवंदीच्या जाळीत घुसले.

परवान्याच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून बाजूची चाकं हलवून पाहिली. मग मला चढणीवर नेलं, मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "आता मागे न घसरता पुढे काढा." बाबा रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले, त्यांना बघवत नव्हतं. एक गचका बसला, पण गाडी पुढे गेली.

साहेबांनी सही केली. "एक सांगू का? हॉर्न वाजवायला लाजू नका. मघाशी त्या बैलगाडीच्या मागे उगाच थांबून राहिलात."

पहिल्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा बाबा दारापर्यंतच आले. "सावकाश जा, बाय," एवढंच म्हणाले. मी परटवण्याच्या उताराला लागले आणि आरशात पाहिलं, तर मागे सायकल. अंतर ठेवून, झाडांच्या सावलीसावलीने. मी शाळेच्या फाटकात शिरले की ते वळून परत जायचे. संध्याकाळी पुन्हा वाटेतल्या पुलाजवळ कुठेतरी उभे. मला कळू नये म्हणून वर्तमानपत्र वाचत. मीही दिसलं नाही असंच दाखवायची. पंधरा-वीस दिवस हे चाललं.

एका संध्याकाळी मी चढण अर्धी चढले आणि आरशात बाबा दिसेनात. मी गाडी वळवली. ते खाली रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर बसले होते, सायकल आडवी पडलेली, तोंडाने श्वास घेत होते.

"काही नाही गं. जरा उन्हाचं झालं."

"बसा मागे."

"आणि सायकल?"

"राहू दे ह्या समोरच्या दुकानात. उद्या नेऊ."

ते बसले. आधी कशाला धरावं ते त्यांना कळेना. मग दोन्ही हात माझ्या खांद्यांवर आले. "हळू घे," ते म्हणाले.

"बाबा, ही चढणीला हळूच जाते."

घरी उतरताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा हात बसलाय गाडीवर." दुसऱ्या दिवसापासून ते मागे आले नाहीत. रस्ताभर मी रिकाम्या आरशात बघत होते.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शिक्षण खात्याच्या कचेरीत पोहोचवायचा शेवटचा दिवस होता आणि दुपारची एसटी आलीच नाही. हेडमास्तर स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, सगळ्यांवरून फिरून त्यांची नजर माझ्यावर थांबली. "बाई, तुमच्याकडे गाडी आहे. जाल का?"

इतक्या वर्षांत मला कोणी कधी कुठल्या कामाला बाहेर धाडलं नव्हतं. मी गठ्ठा गाडीवर पायाशी ठेवला आणि निघाले.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज मोजले, माझ्या कुबडीकडे पाहिलं आणि मग दाराबाहेर डोकावला. "कोणाबरोबर आलात?"

"एकटीच."

त्याने पोच दिली. ती पर्समध्ये ठेवून मी बाहेर आले. साडेतीन वाजले होते, शाळेत परतायची गरज नव्हती. मी गाडी मांडवीच्या किनाऱ्याकडे वळवली आणि समुद्राकडे तोंड करून बराच वेळ तशीच सीटवर बसून राहिले.